पंधरा अंशांचे अंग आणि उणे विसाची हवा

डिसेंबरच्या अखेरीस पेणमध्ये पारा १५ अंशांच्या आसपास उतरला की पहाटेच्या एसटी स्टँडवर कानटोप्या दिसू लागतात. रोह्यात कुंडलिकेच्या काठी फिरायला येणारी मंडळी मफलर गुंडाळतात आणि यंदा थंडी चांगली पडली, असे एकमेकांना सांगतात. नेमक्या याच दिवसांत नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांवर उणे १५ अंश हा साधा दिवस असतो. त्याबद्दल तिथे कोणी बोलतही नाही. दोन्हींत फरक ३० अंशांचा. जानेवारीची पहाट ते मेची दुपार हा कोकणातल्या माणसाने वर्षभरात सोसलेला सगळा चढउतारही त्याहून कमी भरतो.

तरीही तिकडे जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. ध्रुवीय प्रकाश, गोठलेली फ्योर्ड, निळसर अंधारातली बर्फाची घरे यांचे फोटो मोबाइलवर पाहून मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांकडे चौकशी करणाऱ्यांत आता तालुक्याच्या गावांतले हौशी छायाचित्रकारही असतात. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, मुलगा युरोपात असल्याने निम्मा खर्च वाचलेले. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, ट्रायपॉड किती वजनाचा, याची यादी त्यांना सहज मिळते. अडचण असते ती यादीत न लिहिलेल्या एका सामानाची. पन्नाशी-साठीचे, आयुष्यभर दमट हवेत घाम गाळलेले शरीर बरोबर न्यायचे असते आणि ते उणे २० अंशांत एका जागी तासभर उभे ठेवायचे असते.

ठिकाण आधी नीट समजून घ्यायला हवे. पेण साधारण पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर स्वालबार्डचे मुख्य गाव लाँगयीअरबीन ७८ अंशांच्याही पुढे. मधले अंतर साठ अंशांचे, म्हणजे विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या वाटेचा दोन तृतीयांश भाग. पेणचा सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा असतो; लाँगयीअरबीनमध्ये ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत तर दुपारी बारालाही नागरी संधिप्रकाश नसतो. भोवतालच्या डोंगरांमुळे गावात ऊन पोचते ते मार्चच्या ८ तारखेच्या सुमारास, आणि त्या आठवड्यात गाव सण साजरा करते. फोटोसाठी जाणारे जाणकार म्हणूनच फेब्रुवारी आणि मार्च निवडतात. अंधार पुरेसा असतो आणि दिवसा काही तास निळा-गुलाबी उजेडही मिळतो. थंडी मात्र याच महिन्यांत जास्त. लाँगयीअरबीनच्या विमानतळावर नोंदलेले सर्वांत कमी तापमान उणे ४६.३ अंश आहे, आणि ते मार्चमधले आहे, १९८६ सालचे.

लोफोटेन आणि ट्रोम्सो ही नॉर्वेतलीच ठिकाणे, पण तिथली गोष्ट वेगळी. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे लोफोटेनमध्ये भर हिवाळ्यातही किनाऱ्यावर पारा शून्याच्या आसपास राहतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथून सुरुवात करण्यात शहाणपण आहे. स्वालबार्डबाबत एक मजेशीर तपशील असा, की पॅरिसमध्ये ९ फेब्रुवारी १९२० रोजी झालेल्या करारावर भारताचीही सही आहे, ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून झालेली. त्या करारामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही. मात्र ही बेटे शेंगेन क्षेत्राच्या बाहेर आहेत आणि विमान ऑस्लो किंवा ट्रोम्सोहूनच मिळते. त्यामुळे परत येताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरावे लागते आणि किमान दोनदा प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो. हे न कळल्याने अडकण्यासारखे दुसरे दुर्दैव नाही.

भारतीय माणूस या अंधारात राहिला तर काय होते, याचा अनुभव सरकारी पातळीवरही अगदी अलीकडचा आहे. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंड येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ते चालवते. पण तिथे मुक्काम असे तो प्रामुख्याने उजेडाच्या महिन्यांत. पहिली हिवाळी मोहीम निघाली १८ डिसेंबर २०२३ रोजी. तुकडी अवघी चार जणांची, आणि त्यात गोव्याच्या या केंद्राबरोबर पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, बंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि आयआयटी मंडी यांचे प्रतिनिधी होते. उष्ण प्रदेशाच्या हवामानासाठी स्थापन झालेल्या पुण्याच्या संस्थेचे काम ध्रुवाजवळच्या काळोखात सुरू व्हावे, याचे कारण पुढे येईल.

आधी बोटे

थंडीत माणूस हरतो तो बहुतेक वेळा बोटांच्या टोकांपासून. शरीराला पोटातले आणि छातीतले तापमान ३७ अंशांच्या जवळ राखायचे असते. बाहेर थंडी वाढली की ते सर्वांत आधी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळते. बोटांत स्नायू जवळपास नसतातच, त्यामुळे ती स्वतःची ऊब तयार करू शकत नाहीत. जी काही ऊब मिळते ती रक्तातून. रक्त कमी झाले की बोट म्हणजे थंड हवेत टांगलेली बारीक कांडी. त्वचेचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की बारीक हालचाली जमेनाशा होतात, १० अंशांच्या खाली स्पर्श बोथट होतो. शटरचे बटण दाबले की नाही हे कळेनासे झाले, तर ती धोक्याची पहिली घंटा समजावी. आणखी खाली, शून्याला थोडे ओलांडून, पेशींभोवतालचे पाणी गोठू लागते. हाच हिमदंश.

यावर शरीराचा एक प्रतिडाव असतो. आवळलेल्या वाहिन्या काही मिनिटांनी थोड्या वेळासाठी सैल होतात, गरम रक्त बोटात येते, पुन्हा आवळतात, पुन्हा सैल होतात. ब्रिटिश वैद्यक संशोधक थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये याचे वर्णन केले. उत्तरेकडच्या थंड पाण्यात जाळी ओढणाऱ्या मासेमारांत हा प्रतिसाद जोरकस असतो. उष्ण कटिबंधात वाढलेल्यांत तो सरासरीने उशिरा सुरू होतो आणि कमी भरतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे एकाच स्नोमोबाइलवर बसलेला नॉर्वेचा वाटाड्या पातळ हातमोज्यांत आरामात दिसतो म्हणून रोह्याच्या पाहुण्याने त्याचे अनुकरण करायचे नसते. दोघांच्या बोटांची नळव्यवस्था एकच असली तरी तिला लागलेली सवय निराळी आहे.

वारा हे सगळे कितीतरी पटींनी वाढवतो. त्वचेला चिकटून गरम हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे उणे १५ अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २६ इतके लागते. हवा अगदी स्तब्ध असली तरी सुटका नाही, कारण स्नोमोबाइल ताशी ४० किलोमीटरने धावली की तो वारा आपणच तयार करतो. उणे २० अंशांत या वेगाला त्वचेला जाणवते उणे ३४. साधारण उणे २८ च्या खाली उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. एखाद्या चांगल्या ध्रुवीय प्रकाशाची वाट पाहताना तीस मिनिटे कशी जातात हे छायाचित्रकाराला सांगायला नको.

त्यात छायाचित्रकाराचा स्वतःचा एक खास शत्रू असतो, तो म्हणजे ट्रायपॉड. ॲल्युमिनियम लाकडाच्या सुमारे हजार पट वेगाने उष्णता वाहून नेते. उणे २० अंशांतला धातूचा पाय उघड्या किंवा घामेजल्या हाताने धरला तर कातडी चिकटते आणि सोडवताना सोलवटते. अनुभवी लोक ट्रायपॉडच्या पायांना फोमच्या नळ्या गुंडाळतात किंवा कार्बन फायबरचे पाय घेतात. हातमोज्यांचीही एक रीत आहे. आत बोटांचे पातळ लोकरी मोजे, आणि त्यावर चारही बोटे एकाच खोलीत राहतात तसे जाड मोजे. बोटे एकमेकांना ऊब देतात. सेटिंग बदलायला बाहेरचे मोजे काढायचे, काम झाले की लगेच चढवायचे, आणि ते दोरीने मनगटाला बांधलेले असावेत. वाऱ्याने उडालेला मोजा परत आणायला कोणी जात नाही. मनगट आणि कोपरापर्यंतचा हात उबदार ठेवला तर बोटांना जाणारे रक्तच गरम पोचते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते.

बोट, नाकाचा शेंडा किंवा कानाची पाळी पांढरी पडली आणि तिथे दुखायचे थांबले, तर बरे वाटू देऊ नये. दुखणे थांबणे हीच वाईट बातमी असते. सुरुवातीच्या अवस्थेत काखेत हात घालून, गालावर उबदार तळवा ठेवून रंग परत येतो. पुढची अवस्था असेल, भाग कडक झाला असेल, तर चोळायचे नाही, शेकोटीवर धरायचे नाही, बर्फ तर अजिबात लावायचा नाही. आत गेल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, म्हणजे तान्ह्या बाळाच्या आंघोळीइतक्या कोमट पाण्यात, अर्धा तास बुडवून ठेवायचे आणि डॉक्टर गाठायचा. वितळल्यावर तेच बोट पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर न वितळवता आधी सुरक्षित जागी पोचणे बरे, कारण दुसऱ्यांदा गोठण्याने होणारे नुकसान फार मोठे असते. हाताच्या कसबावर जगणाऱ्या पेणसारख्या गावात, जिथे गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या बोटांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही, तिथे ही सूचना अधिक गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

घाम, सुती बनियन आणि लघवी

कोकणातल्या माणसाचा कपड्यांबद्दलचा सगळा शहाणपणा सुती कापडावर उभा आहे, आणि तो कोकणात बरोबरच आहे. सूत घाम शोषते आणि वाळताना गारवा देते. ध्रुवीय थंडीत हाच गुण जीवावर उठतो. भिजलेले सूत अंगाला चिकटते, त्यातली हवा जाऊन तिथे पाणी येते, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते. त्यामुळे अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, मध्ये ऊब धरणारा थर आणि बाहेर वारा अडवणारा थर अशी रचना करतात. आपल्याकडच्या सुती बनियनने सुरुवात झाली की वरचे दहा हजारांचे जॅकेटही उपयोगी पडत नाही.

घाम येतो कुठून, असा प्रश्न पडेल. बॅग, ट्रायपॉड, जाड बूट घेऊन बर्फातून पंधरा मिनिटे चढ चढला की पेणचा माणूस उणे १५ मध्येही घामाघूम होतो. नंतर तो एका जागी उभा राहतो आणि घाम थंड होत जातो. गिर्यारोहकाची आणि छायाचित्रकाराची थंडी इथे वेगळी पडते, कारण गिर्यारोहक चालत असतो आणि छायाचित्रकार वाट पाहत असतो. म्हणून चालताना एक थर कमी घालून थोडे गारठलेलेच चालायचे आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजायच्या आधी, तो थर चढवायचा.

आणखी एक गोष्ट सहलीच्या माहितीपत्रकात नसते. थंडीत लघवी जास्त होते. हातापायांतले रक्त आत ढकलले गेले की शरीराच्या मध्यभागी द्रव जास्त झाल्याचा मूत्रपिंडांचा समज होतो आणि ती पाणी बाहेर टाकू लागतात. तहान मात्र थंडीत कमी लागते, आणि कोरडी हवा प्रत्येक श्वासाबरोबर पाणी नेत असते. पाच थर उतरवून बाहेर जायचे जिवावर येते म्हणून लोक, विशेषतः महिला आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले पुरुष, पाणी पिणेच सोडतात. मग डोके दुखते, रक्त घट्ट होते, बोटे आणखी गार पडतात. गरम पाण्याचा थर्मास जॅकेटच्या आत ठेवावा आणि तहान न लागताही घोट घेत राहावे. खाण्याचेही तसेच. थरथरणारे शरीर विश्रांतीच्या काही पट ऊर्जा जाळते, तेव्हा डाएट घरी ठेवून जावे. सुकामेव्याचे लाडू उत्तम. चिक्की मात्र उणे वीसला दगड होते, दात सांभाळावेत. मद्याने ऊब येते हा समज चुकीचा आहे. मद्य त्वचेच्या रक्तवाहिन्या सैल करते, चेहरा गरम वाटतो आणि आतली उष्णता बाहेर जाते.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्याची खूण नुसते कुडकुडणे नव्हे. माणूस अडखळत बोलतो, साधी चेन लावता येत नाही, चिडतो किंवा गप्प होतो, आणि आपल्याला काही झालेले नाही असे ठासून सांगतो. स्वतःला ओळखता येत नाही, म्हणून जोडीने राहायचे आणि दर काही मिनिटांनी एकमेकांच्या चेहऱ्याकडे टॉर्चच्या उजेडात पाहायचे. कुडकुडणे अचानक थांबले आणि माणूस सुस्त झाला, तर फोटो संपले असे समजून आत जायचे.

कोणी आधी डॉक्टरकडे जावे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. अशा सहलींना जाणारे बहुतेक पन्नाशीपुढचे असतात, तेव्हा दहा जणांच्या गटात एक-दोन मधुमेही असणारच. त्यांच्यासाठी थंडीचे दोन वेगळे धोके आहेत. ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना बोट गोठते आहे हेच कळत नाही. त्यांनी दर थांब्यावर पाय डोळ्यांनी पाहायला हवेत. दुसरा धोका इन्सुलिनचा. घरी आपण ते उन्हापासून वाचवतो, तिथे गोठण्यापासून वाचवायचे असते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला तसेच दिसते, पण त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, ते फेकूनच द्यावे. पेन अंगालगतच्या खिशात ठेवायचा, पाठीवरच्या बॅगेत नाही. साखर मोजण्याचे यंत्रही फार थंड झाले की चुकीचा आकडा दाखवते किंवा बंद पडते.

रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी तर सल्ला घेतल्याशिवाय आगाऊ रक्कमही भरू नये. थंडीने रक्तवाहिन्या आवळल्या की रक्तदाब चढतो, हृदयावरचा भार वाढतो, आणि त्याच वेळी माणूस जड बुटांनी बर्फ तुडवत असतो. बीटा-ब्लॉकर गटातली औषधे चालू असलेल्यांचे हातपाय मुळातच गार राहतात. दम्याच्या रुग्णाला कोरडी गार हवा झटका आणू शकते. नाकातोंडावर मफलर घेऊन श्वास घेतला तर हवा थोडी ओली आणि कोमट होऊन आत जाते. तंबाखू आणि सिगारेट बोटांच्या वाहिन्या आणखी आवळतात. लाँगयीअरबीनचे रुग्णालय लहान आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला न्यावे लागते. विम्यात हवाई वाहतुकीचा खर्च आहे की नाही, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधून पाहावे.

बाकी साधी गोष्ट घसरण्याची. काचेसारख्या बर्फावर मनगट किंवा खुबा मोडायला ध्रुवीय अस्वल लागत नाही. बुटाला लावायचे काटेरी पट्टे तिथे सहज मिळतात, ते घ्यावेत. अस्वलांचे नियम मात्र कडक आहेत. वस्तीबाहेर त्यांच्यापासून संरक्षणाची सोय असल्याशिवाय जाता येत नाही, आणि २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. १ मार्च ते ३० जून या काळात ते ५०० मीटर. जवळून फोटो मिळवून देतो म्हणणाऱ्यापासूनही तेवढेच अंतर ठेवावे.

कॅमेऱ्यालाही दव येते

जूनमध्ये वडखळ-नागोठण्याच्या रस्त्यावर एसी गाडीतून उतरून कॅमेरा काढला की लेन्सवर धुके बसते. आर्क्टिकमध्ये हेच घडते, फक्त उलट्या दिशेने, म्हणजे आत येताना. एक घनमीटर हवा ३० अंशांत सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, उणे २० अंशांत जेमतेम एक ग्रॅम. बाहेरची हवा इतकी कोरडी असल्याने तिथे लेन्स सहसा स्वच्छ राहते, पण गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत आणला की आतल्या हवेतले बाष्प त्याच्यावर, आणि वाईट म्हणजे त्याच्या आत, पाणी होऊन बसते. उपाय स्वस्त आहे. बाहेर असतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि आत आणून दोन-तीन तास उघडायचा नाही. पाणी पिशवीवर जमते. कार्ड तेवढे आधी काढून घ्यावे, नाहीतर फोटो पाहण्याच्या घाईत पिशवी उघडली जातेच.

बॅटरी थंडीत संपत नाही, सुस्तावते. लिथियम बॅटरीतले द्रावण दाट होते, आतला विरोध वाढतो आणि उणे वीसला तिची क्षमता निम्म्यावर येऊ शकते. ऊब मिळाली की बरीचशी परत येते. म्हणून तीन बॅटऱ्या आतल्या खिशात फिरत्या ठेवायच्या. गारठलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर मात्र कायमचे नुकसान होते. हे सगळे पेणमध्ये बसूनही करून पाहता येते, कारण घरच्या फ्रिजचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो. जाड हातमोजे घालून, दिवे मालवून, फोकस आणि शटरची सेटिंग नुसत्या चाचपण्याने बदलता येतात का, याचा सराव गच्चीवर आठवडाभर केला तर तिथे मोजे काढायची वेळ निम्म्याने कमी येते.

ध्रुवीय प्रकाशाबद्दल थोडी निराशा आधीच पदरी घेतलेली बरी. सूर्याकडून आलेले कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून खाली येतात आणि १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धडकतात तेव्हा हिरवा रंग दिसतो, त्याहून उंचावर लाल. पण अंधारात आपल्या डोळ्यांच्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग नीट कळत नाहीत. मंद प्रकाश डोळ्यांना राखाडी ढगासारखा वाटतो आणि दहा सेकंद उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्याला हिरवागार. फोटो खोटा नसतो, डोळा कमी पडतो. रात्रीच्या प्रकाशाचा पट्टा बहुतेक वेळा ट्रोम्सोच्या डोक्यावर असतो, स्वालबार्ड त्याच्याही उत्तरेला राहते. मात्र भर दुपारी बाराला ध्रुवीय प्रकाश पाहायचा असेल तर ध्रुवीय रात्रीतले स्वालबार्ड हे जगातल्या मोजक्या ठिकाणांपैकी एक आहे.

थंडीऐवजी पाऊस

इतकी तयारी करून गेल्यावर तिथे पाऊस लागला तर? फेब्रुवारी २०२५ मध्ये असेच झाले. न्यू-ऑलेसुंडमध्ये त्या महिन्याचे सरासरी तापमान उणे ३.३ अंश राहिले, जिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते उणे १५ च्या घरात असे. २८ पैकी १४ दिवस पारा शून्याच्या वर गेला. हिवाळी बर्फाचा अभ्यास करायला गेलेल्या शास्त्रज्ञांना पाण्याची डबकी आणि उघडे पडलेले गवत दिसले; त्यांचा लेख त्याच वर्षी जुलैमध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आला. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत आहे, आणि स्वालबार्ड त्यातही पुढे. बर्फावर पाऊस पडून गोठला की खालचे गवत बर्फाच्या काचेखाली जाते आणि रेनडिअर उपाशी राहतात. माणसासाठीही ही हवा फसवी असते. उणे १५ ची कोरडी थंडी योग्य कपड्यांत सोसवते. एक अंशाचा पाऊस कपडे भिजवतो, आणि संध्याकाळी पारा पुन्हा खाली गेला की तेच कपडे गोठतात. हिमप्रपाताचा धोकाही अशा चढउतारांत वाढतो. म्हणून आता सामानात जाड जॅकेटइतकाच चांगला रेनकोट लागतो, म्हणजे कोकणातल्या माणसाच्या ओळखीची एक वस्तू तरी यादीत आली.

पुण्या-गोव्याचे शास्त्रज्ञ तिकडे का जातात, याचे उत्तरही इथेच आहे. कारा समुद्रावरचे उन्हाळी बर्फ घटणे आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारी अतिवृष्टी यांचा संबंध असावा, असे गोव्याच्या ध्रुवीय केंद्रातील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात मांडले गेले आहे. वितळणाऱ्या हिमनद्यांचे पाणी समुद्राची पातळी वाढवते, आणि समुद्राची पातळी हा विषय पेणच्या खारेपाटात, दादर, रावे, वढावच्या बांधांवर, पुस्तकी राहिलेला नाही. बाहेरकाठा फुटला की खारे पाणी भाताच्या शेतात शिरते आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभे राहते.

त्याच खाजणांत हिवाळाभर आर्क्टिकचे रहिवासी उतरलेले असतात, हे आर्क्टिकला निघालेल्यांपैकी फार थोड्यांच्या लक्षात येते. हिवाळ्यात ध्रुवीय बेटांवर पक्षी जवळपास नसतात. स्वालबार्डच्या जमिनीवर बारा महिने राहणारा पक्षी एकच, पायांच्या बोटांपर्यंत पिसे असलेला रॉक टार्मिगन. बाकीचे निघून जातात. स्वालबार्डचे बहुतेक युरोपाकडे जातात, पण सायबेरियाच्या टोकावरचे, तैमिर द्वीपकल्प आणि न्यू सायबेरियन बेटांवर अंडी घालणारे कर्ल्यू सँडपायपर, तिकडच्याच टुंड्रातले पंचवीस-तीस ग्रॅमचे लिटल स्टिंट आणि ग्रे प्लोव्हर भारताच्या किनाऱ्यावर येतात. धरमतरच्या खाडीत आणि कुंडलिका समुद्राला मिळते त्या रेवदंड्याच्या बाजूला ओहोटीच्या चिखलावर ते चोच खुपसत फिरतात. त्यांच्या पायांत खाली जाणारी धमनी आणि वर येणारी शीर एकमेकींना लागून असतात, त्यामुळे पायाकडे जाणाऱ्या रक्ताची ऊब परत फिरणाऱ्या रक्ताला मिळते आणि शरीरातच राहते. माणसाला जे दोन जोड मोज्यांनी जमत नाही ते त्यांना मोज्यांशिवाय जमते, आणि तरीही ध्रुवीय हिवाळ्यात थांबायचे धाडस ते करत नाहीत.

यांचे फोटो काढायला व्हिसा लागत नाही, भरतीचे वेळापत्रक लागते. ओहोटीत पक्षी दूरवर पांगलेले असतात; पाणी चढू लागले की ते थव्याने बांधाकडे सरकतात. त्या तासाभरात बांधाआड बसून राहणाऱ्याला मोठ्या लेन्सशिवायही ते मिळतात, मात्र थवा उडवून चित्र काढण्याचा मोह टाळावा, कारण फेब्रुवारीनंतर त्यांना परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते आणि प्रत्येक उड्डाण ती खर्च करते. एप्रिलमध्ये काही कर्ल्यू सँडपायपरच्या पोटाकडचा रंग विटकरी होऊ लागतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत खाडीचा चिखल रिकामा होतो.